नाल्याच्या काठाने पाच दिवस : वणी-चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातली ओलिताची शेती

भूजल खात्यात उभी हयात विहिरींत टेप सोडण्यात गेल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कोणत्याही गावात गेलो की देवळाच्या आधी विहिरीत डोकावतो. या जानेवारीतली सहल त्या खोडीतूनच निघाली. वणी तालुक्यातल्या एका जुन्या परिचिताने खाणीच्या विस्तारीकरणाचा मराठी सारांश-अहवाल पाठवला आणि विचारले, "जनसुनावणी आहे, यात आमच्या ओलिताबद्दल काय लिहिलं आहे ते समजावून सांगाल का?" अहवाल दोनदा वाचला. त्यात खाणीभोवती १० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ होते आणि वर्तुळात गावे, विहिरी, हवा, ध्वनी, सारे काही होते. ज्या नाल्यावर त्या गावाचे ओलीत चालते, तो मात्र नकाशावर एक निळी रेघ होऊन वर्तुळाच्या एका टोकाने आत येत होता आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडत होता. तेव्हा ठरवले की ही रेघ वरून खालपर्यंत पायी पाहायची. बरोबर माती तपासणीत आयुष्य काढलेला माझा सहकारी मित्र होता आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणारी भाची होती. नाल्याचे आणि त्यावरच्या गावांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सुनावणी अजून व्हायची आहे आणि आम्हांला मोकळेपणाने बोलणाऱ्या माणसांना त्याचा उपद्रव व्हायला नको.

पहिला दिवस : नागपूर, वरोरा, पाटाळ्याचा पूल

नागपुरात सकाळी तर्रीपोहे खाऊन निघालो. वरोऱ्याला चहा घेताना भाचीला सांगितले की या भागातला कोळसा आजकालचा नाही. याच वरोऱ्यात ब्रिटिश सरकारची खाण होती आणि ती १९०६ साली बंदही झाली. १९७३च्या राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी स्थापन झाली. इकडच्या बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत तिला 'वेकोलि' म्हणतात, आणि खाणीला कोणी खाण म्हणत नाही, 'खदान' म्हणतात.

वरोऱ्याहून वणीला जाताना वर्धा नदी पाटाळ्याच्या पुलावरून ओलांडावी लागते. गाडी थांबवून आम्ही काठ उतरलो, कारण पुढच्या चार दिवसांचा सगळा मामला त्या उभ्या कापलेल्या काठात दिसत होता. वर पुरुषभर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, गाळात चुनखडीचे पांढरे खडे आणि काही ठिकाणी बारीक वाळूचे पट्टे. या गाळाखाली गोंडवाना काळातले वालुकाश्म आहेत; वरचे कामठी थरातले, त्याखाली बाराकर थरातले, आणि कोळसा या बाराकरमध्ये. शेतकऱ्याची विहीर गाळातून उतरून वालुकाश्मात टेकते. खाण त्याच वालुकाश्मातून आरपार खाली जाते. दोघांची तहान एकाच घड्यावर आहे, एवढे कळले तरी पुरे.

वणीत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. लोकनायक बापूजी अणे यांचे हे जन्मगाव. रंगनाथ स्वामींचे दर्शन घेतले आणि खाणावळीत ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा असे जेवून लवकर झोपलो. जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते. लॉजवरची चादर पुरत नाही, आपली शाल न्यावी.

(जाणाऱ्यांसाठी : कोळशाचे टिप्पर रात्रंदिवस चालतात. वणी, घुग्घुस आणि चंद्रपूर यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर दुचाकीने अंधारात जाऊ नये. पांढरे कपडे अजिबात नेऊ नयेत. रुमाल मात्र पांढराच न्यावा, त्याचे कारण पुढे येते.)

दुसरा दिवस : खदानीच्या वरचे गाव

परिणाम मोजायचा तर आधी परिणाम नसलेली जागा पाहावी लागते. म्हणून खदानीच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या उगमाकडच्या गावात सकाळी गेलो. धुके इतके दाट होते की हरभऱ्याच्या वावरात चालणारे तुषार सिंचनाचे फवारे दिसायच्या आधी त्यांची टकटक ऐकू आली. नाल्यात घोट्याएवढे स्वच्छ पाणी होते. काठच्या विहिरीत टेप सोडली, सहा मीटरवर पाणी लागले. विहिरीतली पातळी नाल्यातल्या पाण्यापेक्षा थोडी उंच होती. म्हणजे पावसाळ्यात जमिनीत मुरलेले पाणी हळूहळू पाझरून नाल्याला मिळत होते आणि त्यामुळेच तो जानेवारीत वाहत होता. विहिरी नाल्याला पाणी पाजतात की नाला विहिरींना, हा प्रश्न आम्ही पुढे प्रत्येक गावात विचारला. आमच्या मूल्यमापनाची खरी पट्टी तीच होती.

विहिरीचे मालक सत्तरीचे काका. त्यांच्याकडे गाठी मारलेली एक सुती दोरी होती, प्रत्येक परसाला, म्हणजे साधारण पुरुषभर खोलीला, एक गाठ. पोळा, दिवाळी, संक्रांत आणि अक्षय्य तृतीया अशा चार सणांना ते दोरी सोडतात आणि आकडा गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहितात. आमचे खाते निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते. काकांना हे कोणी सांगितलेले नव्हते. भिंतीवरच्या रांगा वर्षानुवर्षे जवळपास सारख्या होत्या. भाचीने मोबाइलवर त्यांचे फोटो काढले आणि माझा मित्र मला हळूच म्हणाला, "आपल्या अहवालांपेक्षा हा गोठा बरा."

दुपारी काकूंनी पाटोडीचा रस्सा आणि भात वाढला. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "खालच्या गावात माह्या भाचीले देल्लं आहे. तिच्या इहिरीले आता पाणी नाही जी, पण नाल्याले बारा महिने आहे. आमचं उलटं नाही का?" ते उलटे का, हे पाहायलाच आम्ही दुसऱ्या दिवशी खाली गेलो.

संध्याकाळी लॉजवर पुन्हा अहवाल उघडला. कोळसा खाणीच्या पर्यावरण आघात अभ्यासासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची मूळ माहिती गोळा केली तरी चालते, म्हणजे साधारण तीन महिन्यांची. हवेसाठी हे एक वेळ समजण्यासारखे आहे. पण नाल्याकाठच्या ओलिताची कसोटी दोन वेळा लागते, एकदा मे महिन्यात आणि एकदा पुरात. हिवाळ्यातल्या तीन महिन्यांत या दोन्हींपैकी काहीच दिसत नाही. जानेवारीत जाऊन आम्हीही तीच चूक करत होतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

तिसरा दिवस : खदानीच्या कडेला

आज चालणे कमी आणि थांबणे जास्त झाले. खदानीत जायला परवानगी लागते आणि ती आधीच लेखी मागावी. आम्ही मागितली होती. एका तरुण अधिकाऱ्याने दृश्यमंचावरून खड्डा दाखवला. तळाशी हिरवट पाण्याचे डबके होते आणि तरंगत्या तराफ्यावरचे पंप ते पाणी सतत वर खेचत होते. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की चारी बाजूंच्या वालुकाश्मातले पाणी खड्ड्याकडे उतरू लागते आणि उपसा थांबवला तर कोळसा बुडतो. उपशाभोवतीची भूजलपातळी मग नरसाळ्यासारखी खचते. हे पाणी गाळ बसवण्याच्या टाक्यांतून फिरवून नाल्यात सोडतात. अधिकाऱ्याने टाक्या न लपवता दाखवल्या. पहिल्या टाकीत गाळ काठोकाठ भरला होता, हेही त्याने लपवले नाही.

दुपारी भोंगा वाजला, लाल झेंडे लागले आणि ब्लास्टिंग झाले. पायाखालची जमीन क्षणभर हलली. त्यानंतर हद्दीला लागून असलेल्या गावात गेलो, तेव्हा विहिरींच्या बांधकामातल्या उभ्या तडा पाहून कोणाला काही विचारावे लागले नाही. पहिल्या विहिरीत टेप सोडली ती तळाच्या दगडावर टेकून कोरडीच परत आली. दुसऱ्या विहिरीत जेमतेम हातभर पाणी होते. गाव नाल्याच्या काठावर आहे, नाला वाहतो आहे, आणि विहिरी आटलेल्या. काकूंचे कोडे इथे सुटले. नाल्यात वाहत होते ते पाणी जमिनीतून पाझरलेले नव्हते, खदानीतून उपसलेले होते. विहिरींचे पाणी खड्ड्यात उतरून पंपाने वर येत होते आणि गावाच्या डोळ्यांसमोरून खाली निघून जात होते. नाल्याच्या तळात बारीक गाळ बसल्यामुळे ते पाणी विहिरींकडे परत झिरपतही नव्हते.

रस्त्याकडेच्या पऱ्हाटीत शेवटची वेचणी चालू होती. माझ्या मित्राने तुरीचे एक पान ओल्या पांढऱ्या रुमालाने पुसले आणि रुमाल भाचीच्या हातात दिला. ती बराच वेळ तो डाग पाहत राहिली. वेचणाऱ्या बाईंनी ओटीतला कापूस दाखवला. दुरून तो पांढरा वाटत होता, पण बोंड उकलले की प्रत्येक पाकळीच्या टोकाला राखाडी कड होती. "काया कापसाले भाव नाही भेटत जी. व्यापारी मूठ उघडते अन् म्हणते, कोयसा विकून राहिली का बाई?" त्या हसत म्हणाल्या, पण दुसऱ्या ओळीत गेल्यावर हसू थांबले. रस्त्यावर पाण्याचा टँकर दिवसातून दोनदा फिरतो, असे तिथेच कळले. टँकर गेल्यानंतर तासाभराने धूळ पुन्हा उडताना आम्हीही पाहिली.

या गावातली सर्वांत जड गोष्ट विहिरीची नव्हती, कागदाची होती. एका भाऊंनी प्लास्टिकच्या पिशवीतून दोन सातबारे काढले, एक जुना आणि एक अलीकडचा. गाव नमुना बारामध्ये जलसिंचित आणि अजलसिंचित क्षेत्राचे वेगळे रकाने असतात आणि सिंचनाचे साधनही लिहितात. जुन्या उताऱ्यावर गहू, जलसिंचित, साधन 'विहीर' असे होते. नव्यावर सोयाबीन, अजलसिंचित. विहीर आटली, मग गहू घेता आला नाही, मग नोंद बदलली. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवर पीक नोंदवतो, त्यामुळे ही नोंद त्यांनी आपल्याच हाताने केली होती, आणि ती खरीच होती. आता विस्तारीकरणात जमीन जाणार आणि ओलिताच्या जमिनीपेक्षा कोरडवाहूचा मोबदला कमी. अशी जमीन ज्याखाली घेतात तो कोळसाधारक क्षेत्र संपादन कायदा १९५७चा आहे. अधिसूचना आणि प्रत्यक्ष ताबा यांच्यामध्ये वर्षे जाऊ शकतात आणि त्या वर्षांत शेजारचा खड्डा खोल होतच असतो. ज्या परिणामाचे मूल्यमापन करायचे, त्याच परिणामाने मूल्यमापनाची पाटी आधी पुसून ठेवली होती. त्या भाऊंना सांगण्यासारखे माझ्याकडे एवढेच होते की जुन्या उताऱ्यांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा आणि वीजपंपाची जुनी बिले फेकू नका. कृषिपंपाचे बिल हा ओलिताचा चांगला पुरावा असतो.

परतताना अमेरिकेतला एक कायदा आठवला. १९७७ साली तिथे खुल्या खाणकामासाठी जो केंद्रीय कायदा झाला, त्यात पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांतल्या नाल्या-ओढ्यांच्या गाळाच्या खोऱ्यांना वेगळे संरक्षण दिले आहे. पाटाने भिजणारी किंवा भूजलाच्या ओलीवर आपोआप पिकणारी अशी खोऱ्यातली शेती खाणीमुळे खंडित होणार असेल, किंवा तिला पाणी पुरवणाऱ्या व्यवस्थेची मोठी हानी होणार असेल, तर परवाना नाकारायचा. त्याला अपवाद आहेत, आधीपासून चालू असलेल्या खाणींना सूटही आहे. पण 'आपोआप ओल मिळणारी जमीन' हा प्रकार कायद्याच्या भाषेत आला, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे नदीकाठच्या गाळात नुसत्या ओलीवर हरभरा आणि गहू निघतो. सातबाऱ्यावर तो अजलसिंचित.

(जाणाऱ्यांसाठी : विहिरीत टेप सोडण्याआधी मालकाला विचारा, आणि पंप किती वेळापूर्वी बंद केला तेही विचारा. नुकत्याच उपसलेल्या विहिरीची पातळी लिहून घेण्यात अर्थ नाही.)

चौथा दिवस : खालची गावे आणि वढ्याचा संगम

खाली गेल्यावर चित्र पुन्हा पालटले, आणि आमच्या मनातल्या ठाम मतांना पहिला धक्का बसला. खदानीच्या पाण्याने नाला बारमाही झाल्यामुळे या गावात उन्हाळी भुईमूग आणि भाजीपाला निघतो. नाल्यावर एकामागून एक पंप बसले आहेत. काकूंची भाची याच गावात दिली होती. तिने आम्हांला चहा दिला आणि सरळ सांगितले की खदान बंद पडावी असे तिला मुळीच वाटत नाही. तिच्या दिराचे मत नेमके उलटे होते आणि चहा संपेपर्यंत दोघांचा वाद चालला. दिराचा मुद्दा असा की हे पाणी उधारीचे आहे. कोळसा संपला की पंप थांबतील, नाला आटेल, आणि खड्डा भरून जुनी भूजलपातळी परत येईपर्यंत विहिरींतही काही नसेल. भूजलवाल्या माणसाने त्याच्या बाजूने मान हलवायला हवी होती. समोर लाल मुळ्यांची जुडी बांधणारी वहिनी बसली असताना ती हलेना.

पाण्याच्या प्रतीबद्दल माझ्या मित्राचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. इथल्या गोंडवाना कोळशात गंधक कमी असल्यामुळे मेघालयातल्यासारखे आम्लधर्मी लाल पाणी हा इथला मुख्य प्रश्न नाही. इथे पाहायचे ते क्षार आणि गाळ. सिंचनाच्या पाण्यासाठी आपल्याकडे विद्युतवाहकतेची (म्हणजे विरघळलेल्या क्षारांच्या मापाची) मर्यादा सेंटिमीटरला २२५० मायक्रोसीमेन्स आणि सोडियम शोषण गुणोत्तराची (म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, याची) मर्यादा २६ आहे. "२६ हा आकडा वाळूला चालेल," तो म्हणाला. "या काळ्या चिकणमातीला दहाच्या वरच त्रास सुरू होतो. मर्यादेच्या आत आहे म्हणजे वावराला मानवलं असं नाही." त्याने दोन वावरांतली वाळलेली ढेकळे कागदात बांधून घेतली, एक विहिरीवर भिजणाऱ्या वरच्या गावचे आणि एक नाल्याच्या पाण्यावरचे.

गाळाचा त्रास आम्हांला न विचारता भेटला. माझी भाची नाल्यात उतरली आणि गुडघ्यापर्यंत रुतली. एक चप्पल तिथेच राहिली. काठावरच्या पंपवाल्याने फांदी देऊन तिला बाहेर काढले आणि आपला 'फुटबॉल' उचलून दाखवला. इकडे फूट व्हॉल्व्हला, म्हणजे पंपाच्या नळीच्या पाण्यात बुडालेल्या टोकावरच्या झडपेला, फुटबॉलच म्हणतात. त्याच्या जाळीत राखाडी लगदा बसला होता आणि तो आठवड्यातून दोनदा साफ करावा लागतो. हा गाळ मुख्यतः मातीच्या ढिगाऱ्यांवरून वाहून येतो. कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी काढलेली माती आणि दगड यांचे हे ढीग दुरून टेकड्यांसारखे दिसतात. नकाशात टेकडी नसलेल्या या सपाट प्रदेशात टेकडी दिसली की ती माणसाने केलेली समजावी.

दुपारी वढ्याला गेलो. वर्धा आणि पैनगंगा इथे मिळतात. लोक या स्थानाला विदर्भाची पंढरी म्हणतात आणि कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा मात्र एक नावाडी, दोन म्हशी आणि आम्ही तिघे. जुलै २०२२च्या पुराबद्दल विचारल्यावर नावाड्याने देवळाच्या पायऱ्यांकडे न पाहता मागच्या शेतातल्या कडुनिंबाच्या फांदीकडे बोट दाखवले. काठच्या लोकांचे म्हणणे असे की पूर पूर्वीही यायचा, पण तो पसरायचा आणि दोन दिवसांत उतरायचा. आता नदीजवळच्या ढिगाऱ्यांमुळे पाण्याला पसरायला जागा नाही, म्हणून नाल्यांना थोप बसते आणि पाणी उलटे वावरात शिरून साचते. किती वाटा ढिगाऱ्यांचा, किती पावसाचा आणि किती वरच्या धरणांच्या विसर्गाचा, हे नदीचे आडवे छेद, म्हणजे पात्राची ठिकठिकाणची रुंदी आणि खोली, मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. सारांश-अहवालात तसा एकही छेद नव्हता. पूर्वीचा पूर जाताना सुपीक गाळ ठेवून जायचा. २०२२च्या पुराने ठेवलेला थर वाळल्यावर त्याची पापडी झाली आणि पेरलेले उगवले नाही, असे तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन ठिकाणी सांगितले.

नावाड्याने भाजलेल्या हरभऱ्याचा हुळा खायला दिला. चप्पल गमावलेली भाची अनवाणीच नावेत बसली आणि परतेपर्यंत तिचा राग गेला.

पाचवा दिवस : दोन पेले आणि परतीचा रस्ता

रात्री लॉजवर दोन काचेच्या पेल्यांत बाटलीतले शुद्ध पाणी घेऊन दोन्ही ढेकळे अलगद सोडली होती. सकाळी पाहिले तर दोन्ही विरघळून तळाशी बसली होती, काळ्या मातीचा तो स्वभावच आहे. वरच्या गावच्या पेल्यातले पाणी निवळ होते, पलीकडची खिडकी दिसत होती. नाल्याच्या पाण्यावरच्या पेल्यात मात्र दुधट गढूळपणा तसाच तरंगत होता. सोडियमने माती सुटी होऊ लागल्याची ही खूण. एका ढेकळावरून निष्कर्ष काढू नये, हे मित्राने स्वतःच बजावले आणि प्रयोगशाळेसाठी नमुने बांधले. चहा आणणाऱ्या पोऱ्याने मात्र दोन्ही पेले बघून विचारले, "यातलं कोणतं पाणी खराब आहे?" आम्ही सांगितले की पाणी दोन्हींतले एकच आहे.

चंद्रपूरला इरई धरणाच्या काठाने गेलो. औष्णिक वीज केंद्राला आणि शहराला पाणी इथूनच जाते. त्या कहाणीत शिरायला वेळ नव्हता. संबारवडी बांधून घेतली आणि दुपारच्या गाडीने नागपूर गाठले.

पुण्यात आल्यावर सुनावणीसाठी चार पानांचे निवेदन लिहून दिले. वर्तुळाऐवजी नाल्याच्या लांबीने, वर, कडेला आणि खाली अशा तीन टप्प्यांत विहिरी मोजा. मे महिना आणि पूर दोन्ही धरा. जलसिंचित क्षेत्र ठरवताना खाण सुरू होण्याआधीचे सातबारे पाहा. आणि खदान बंद झाल्यावर खालच्या पंपांना पाणी कुठून येईल ते लिहा. सोबत गोठ्याच्या भिंतीचे फोटो जोडले.

परवा वरच्या गावच्या काकांचा फोन आला. संक्रांतीचा आकडा त्यांनी आम्ही असतानाच लिहिला होता, आणि सणासाठी न थांबता त्यांनी मधेच एकदा दोरी सोडली. "अर्ध्या गाठीनं खाली गेलं जी. मे महिन्यात या, आपण दोघं मिळून मोजू." मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांच्या वर जातो. सोबत येणाऱ्यांनी डोक्याला दुपट्टा, ताकासाठी मीठ-जिरे आणि लेस बांधायचे बूट आणावेत, चप्पल नको.